पाचमिनिटे आणि आठव्या मजल्याची भूमिका

आमच्या इमारतीच्या लिफ्ट-मेकॅनिकला सगळे पाचमिनिटे म्हणतात. हे त्याचं आडनाव नव्हे, पण टपालवाला 'श्री. पाचमिनिटे, गच्चीवरची खोली' एवढ्या पत्त्यावर पाकीट बिनचूक आणून देतो, म्हणजे झालंच.

नाव पडलं ते त्याच्या बोलण्यावरून. कुणीही, कुठेही, कशासाठीही बोलावलं की तो म्हणतो, "पाच मिनिटांत आलो." खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं वाटतं. लिफ्टच्या बाबतीत हा माणूस इतका काटेकोर, की लिफ्टचा तळ आणि मजल्याची लादी यांत बोटभर फरक दिसला तर त्याला घास गिळवत नाही. दाराचा आवाज ऐकून रोलरखाली माती तिसऱ्या मजल्यावर गेलीय की सहाव्या, हे तो झोपेतून उठून सांगेल. पण लिफ्टच्या बाहेर पडला की त्याचं घड्याळ बंद पडतं. स्वतःच्या लग्नालाही तो पाच मिनिटांत येणार होता. तो किस्सा त्याची बायको आजही सांगते, आणि सांगताना हसत नाही.

बायको परिचारिका आहे. मुलगी सहा वर्षांची. मुलीला तो वायसर म्हणतो. वायसर म्हणजे नटाखाली बसवतात ती चपटी चकती. "एवढीशी असते, सारखी हरवते आणि नसली की सगळं खडखडायला लागतं," असं त्याचं स्पष्टीकरण. यातलं 'सारखी हरवते' बायकोला मान्य नाही. तिच्या मते वायसर हरवत नाही, वायसरला विसरलं जातं. मागच्या वर्षी हार्डवेअरच्या दुकानात तो तिला काउंटरवर बसवून पाच मिनिटांसाठी गेला होता. संध्याकाळी परतला तोवर दुकानदाराने तिच्याकडून स्क्रूचे दोन डबे निवडून घेतले होते, आणि एका गिऱ्हाइकाला तिने चुकीचं नाही, अगदी बरोबर मापाचं बिजागर काढून दिलं होतं. वडिलांना याचा अभिमान वाटला. आईला नाही वाटला.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकोला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या शहरात जावं लागलं. निघताना तिने बॅगेची चेन लावता लावता सांगितलं, "पाळणाघरात नाव घातलंय. फाटक नऊला बंद होतं. नऊ म्हणजे नऊ."

"कळलं गं."

"काय कळलं?"

"नऊ म्हणजे नऊ."

"हार्डवेअरसारखं काही परत कानावर आलं ना, तर मी हिला दादाकडे नेऊन ठेवीन. शाळासुद्धा तिकडेच घालीन. तुम्ही राहा तुमच्या लिफ्टना घेऊन."

ती बोलते तसं करते, हे त्याला माहीत होतं. गेली पंधरा वर्षं ती वॉर्डात लोकांना सुया टोचतेय, आणि टोचण्याआधी 'दुखणार नाही' असं एकदाही म्हणालेली नाही.

पहिल्या दिवशी तो नऊ वाजून सात मिनिटांनी पाळणाघराच्या फाटकाशी पोचला. दुसऱ्या दिवशी नऊ-वीसला. तिसऱ्या दिवशी वाटेत चार नंबरच्या इमारतीत एक बाई कपाटासकट लिफ्टमध्ये अडकली होती, त्यामुळे पावणेअकराला. पाळणाघरच्या बाईंनी फाटकाच्या गजांतूनच सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. आणि आलातच तर वेळेवर या, म्हणजे नाही म्हणायला मी जागेवर असेन."

चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत एक वरपर्यंत बटणं लावलेला वकील. पाचमिनिटे एका हातात हत्यारांची पिशवी आणि दुसऱ्या हातात वायसर घेऊन गच्चीवरून धावत खाली आला. आठव्या मजल्यावर पहिलंच दार आठशे एकचं. त्याने बेल दाबली.

आता आठशे एकमध्ये कोण राहतं, हे सगळ्या शहराला माहीत होतं, आणि त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. ते लेखक. बावीस वर्षं घराबाहेर पडले नव्हते. मुलाखत नाही, सत्कार नाही, फोटो नाही. पुस्तकांच्या मागे छापला जाणारा त्यांचा एकमेव फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा, त्यात डोक्यावर केस आणि ओठावर भरघोस मिशा. आता दोन्ही नव्हतं. त्यांनी दार उघडलं ते दूधवाला समजून.

"आजोबा, पाच मिनिटं," पाचमिनिटे म्हणाला आणि जिने उतरू लागला.

लेखकांच्या हातात रिकामं पातेलं होतं आणि समोर एक मुलगी.

"तुमच्याकडे फिरणारी खुर्ची आहे," मुलगी त्यांच्या कोपराखालून आत बघत म्हणाली.

वकील सुटायला चाळीस मिनिटं लागली. पाचमिनिटेने नंतर नवव्या आणि अकराव्या इमारतीतल्या तक्रारीही उरकल्या. परत आला तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. दार उघडून लेखक म्हणाले, "तुम्ही पाच मिनिटं म्हणाला होतात." बावीस वर्षांत एखाद्या माणसाला उद्देशून त्यांनी उच्चारलेलं हे बहुधा पहिलं पूर्ण वाक्य.

दुसऱ्या दिवशी पाचमिनिटे पुन्हा दाराशी. त्याचा हिशोब सरळ होता. पाळणाघराला वेळ असते, लेखक मात्र कायम घरीच असतात. बायकोचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "पाळणाघरात काय केलं?" असं ती विचारायची, आणि वायसर खरं तेच सांगायची: गोष्ट ऐकली, जेवले, खुर्चीवर फिरले. आई समाधानी व्हायची. बाप मात्र फोन खाली ठेवेपर्यंत शेजारीच उभा असायचा.

असे सात-आठ दिवस गेले, आणि दूरवरच्या दोन देशांत युद्ध पेटलं.

आमचं त्या युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यामुळे मत असणं भागच होतं. वर्तमानपत्रांनी रोज यादी छापायला सुरुवात केली: कोण बोललं, कोण अजून बोललं नाही. गायक बोलले. कुस्तीगीर बोलले. बेकरी-मालकांच्या संघाने पत्रक काढलं. शिंप्यांनी काढलं नाही, तर लोकांनी एक दिवस शिलाईवर बहिष्कार टाकला आणि तो मागे घेईपर्यंत उसवलेलेच कपडे घातले. आठवड्याभरात 'अजून न बोललेल्या' यादीत एकच नाव उरलं. आठशे एक.

मग आमच्या फाटकाशी गर्दी जमायला लागली. सकाळी दहाला एका बाजूचे लोक यायचे, चारला दुसऱ्या बाजूचे. मधल्या वेळात दोघं एकाच टपरीवर चहा प्यायचे. दोघांचंही म्हणणं एकच होतं, की लेखक गप्प आहेत म्हणजे ते समोरच्यांच्या बाजूचे आहेत. त्यांच्या दाराखालून प्रश्नांची पाकिटं सरकवली जायची. लेखक ती न फोडता वायसरला द्यायचे आणि ती त्यांची विमानं करायची.

ज्या दिवशी घोटाळा झाला, त्या दिवशी लेखक आणि वायसर यांच्यात खुर्चीवरून जुंपली होती. दोघांनाही तीच हवी होती. लेखकांना लिहायला, वायसरला फिरायला. भांडण मिटत नाही म्हटल्यावर वायसरने बाप टेबलावर विसरून गेलेल्या तक्रारींच्या गठ्ठ्यातून एक कोरा छापील कागद काढला. लिफ्टची तक्रार नोंदवायचा तो नमुना. त्यावर चार ओळी असतात: फ्लॅट, तक्रार, कारण, उपाय. बाप घरी बसून ते कागद भरताना तिने हजार वेळा पाहिलं होतं. जगात काहीही बिघडलं की हे चार रकाने भरायचे आणि मग ते दुरुस्त होतं, अशी तिची समजूत होती. तिने लिहिलं:

फ्लॅट: ८०१
तक्रार: दोघांना एकच खुर्ची पाहिजे.
कारण: ती फिरते.
उपाय: एकाने उठावे. दुसऱ्याने गप्प बसावे. मग बिस्किट.

आता पाचमिनिटेची पद्धत अशी, की दिवसभरात भरलेले सगळे कागद तो संध्याकाळी तळमजल्यावर लिफ्टशेजारच्या काचेच्या फळ्यावर लावतो. रहिवाशांना कळलं पाहिजे, कुठे काय बिघडलं आणि काय केलं. या शिस्तीत आजवर खंड नाही. त्या संध्याकाळी त्याने आठशे एकच्या टेबलावरून वायसरला एका हाताने उचललं, कागदांचा गठ्ठा दुसऱ्या हाताने उचलला, आणि न बघता सगळे टाचले.

फळ्यापाशी एक बातमीदार सात तास उभा होता. त्याने 'फ्लॅट: ८०१' वाचलं आणि कॅमेरा बाहेर काढला.

सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तो कागद होता. 'अखेर मौन सुटले.' खाली मोठ्या मोठ्या लोकांचे लेख. एका प्राध्यापकांनी लिहिलं, की लेखकाने युद्धाचा सगळा इतिहास 'ती फिरते' या दोन शब्दांत बसवला आहे. एका समीक्षकांना अक्षर थरथरतं दिसलं आणि त्यात त्यांना शतकाची वेदना जाणवली. खरं म्हणजे पेन्सिलला टोक नव्हतं. भांडण पेटलं ते 'गप्प बसावे' वरून. सकाळचे लोक म्हणाले, हे आम्हाला उद्देशून आहे. संध्याकाळचे म्हणाले, नाही, आम्हाला. दोन्ही बाजू इतक्या दुखावल्या, की सकाळचे लोक संध्याकाळपर्यंत थांबले आणि संध्याकाळचे सकाळीच आले. 'बिस्किट' म्हणजे काय, यावर तर दुपारपर्यंत तीन तट पडले. बेकरी-मालकांच्या संघाने खुलासा केला, की आपला याच्याशी संबंध नाही, पण माल तयार आहे.

त्या सकाळी पाचमिनिटेने फळ्यापाशी कुणाच्या तरी वर्तमानपत्रात कागदाचा फोटो पाहिला, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा वेळेचं भान आलं. बायको वॉर्डातली वर्तमानपत्रं साडेआठला वाचते. आठ पस्तीस झाले होते.

फोन वाजला.

"आठशे एकमध्ये कोण राहतं?" बायको.

"लेखक राहतात. का गं?"

"लेखक तुमच्या तक्रारीच्या कागदावर लिहितात?"

"कागद काय, कुणालाही मिळतो..."

"'मग बिस्किट' हे कोण म्हणतं आपल्या घरात?"

त्याने बाहीने फळ्याची काच पुसली.

"भांडण संपलं की कोण म्हणतं 'मग बिस्किट'? मी म्हणते. माझं वाक्य पहिल्या पानावर आलंय, आणि पाळणाघर तर तुमच्याकडून चार गल्ल्या लांब आहे. पोरगी आठशे एकमध्ये काय करत होती?"

"पाच मिनिटांत सांगतो," असं त्याच्या तोंडून निघून गेलं.

मग ती म्हणाली, "मी उद्या सकाळच्या बसने येतेय. तिचे कपडे भरून ठेवा."

त्या दिवशी त्याने एकही तक्रार उरकली नाही. मशीन-रूममध्ये जाऊन तो मोटरशेजारी बसून राहिला. खालून घोषणा वर येत होत्या. त्याला आत्तापर्यंत कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलंही नसतं. कागद लेखकांचाच आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. तो गप्प राहिला असता तर शहरात कुणालाच कळलं नसतं, बायको सोडून. पण दुपारी खालच्या कुणीतरी आठशे एकच्या खिडकीवर अंडं मारलं. ते सातशे एकच्या वाळत घातलेल्या चादरीवर फुटलं. पाचमिनिटे उठला आणि खाली गेला.

फाटकाच्या कट्ट्यावर चढून तो म्हणाला, "ओ, ऐका जरा. तो कागद माझ्या मुलीने लिहिलाय. सहा वर्षांची आहे. खुर्ची म्हणजे खुर्चीच आहे. फिरते ती."

एक चष्मेवाल्या बाई पुढे आल्या. "तुमची मुलगी तिथे काय करत होती?"

"मी कामावर जाताना ठेवतो तिथे."

"कुणाकडे?"

"त्यांच्याकडेच. ते घरी असतात."

"बावीस वर्षं ज्या माणसाला कुणी पाहिलं नाही, त्याच्याकडे तुम्ही सहा वर्षांची मुलगी ठेवता?"

"रोज नाही," पाचमिनिटे म्हणाला. "रविवारी सुट्टी."

त्यानंतर जे झालं ते आम्ही गॅलऱ्यांतून पाहिलं. सकाळचे आणि संध्याकाळचे लोक आठवड्यात पहिल्यांदा एकमेकांकडे बघून मान हलवू लागले. कुणीतरी आपला फलक उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर 'निष्काळजी बापाचा निषेध' लिहिलं. रंगाचा डबा समोरच्या गटाकडे होता, तो त्यांनी आपणहून दिला. अंधार पडायच्या आत युद्ध संपल्यासारखं वाटायला लागलं. सगळे बापाबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बसमधून उतरून फाटकाशी आली तेव्हा कुणीतरी तिच्याही हातात एक फलक दिला. तिने तो वाचला, 'थँक्यू' म्हटलं आणि घेऊनच वर निघाली. पाचमिनिटे रात्रभर जागा होता आणि पहाटे त्याने अस्वस्थपणे लिफ्टचा ब्रेक उघडून ठेवला होता, त्यामुळे ती आठ मजले चालत चढली. आठशे एकच्या दारात तिचा नवरा, मुलगी आणि टक्कल असलेले एक म्हातारे गृहस्थ ओळीने उभे होते.

"आई, तुला पण फलक मिळाला," वायसर म्हणाली.

"हो. चांगला आहे." तिने तो भिंतीला टेकवून ठेवला आणि लेखकांकडे वळली. "आत येऊ?"

ज्यांनी पंचवीस संपादकांना उत्तर दिलं नव्हतं, ते लेखक बाजूला सरकले.

तिने आधी खिडक्या पाहिल्या. कड्या सुतळीने बांधलेल्या होत्या. औषधांचं कपाट बंद आणि किल्ली वर. टेबलाचे चारही कोपरे कागदाच्या जाड घड्या लावून चिकटपट्टीने गुंडाळलेले.

"हे काय आहे?"

"कादंबरी," लेखक म्हणाले. "पहिली चार प्रकरणं. ती तिथेच आदळायची."

"पडली किती वेळा?"

"दोनदा. एकदा स्टुलावरून, एकदा काही कारण नसताना."

"जेवते?"

"भाजीला नाही म्हणते. मग मी नाही म्हणतो. मग ती खाते."

"आणि हे कधी परत येतात?"

लेखकांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने डोळ्यांनी विनवणी केली. लेखक आत जाऊन एक वही घेऊन आले. सवयीने त्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "पहिला दिवस. सांगितले पाच मिनिटे, लागले साडेचार तास. दुसरा दिवस. सांगितले पाच मिनिटे, लागले तीन तास. सहावा दिवस. सांगितले आलोच, लागले..."

"आजोबा, पुरे," पाचमिनिटे हळूच म्हणाला.

"वाचू द्या," बायको म्हणाली.

एकोणीस दिवस वाचून झाले. खालून घोषणा येत होत्या, बाप जबाबदार हवा वगैरे. पाचमिनिटे म्हणाला, "कपडे भरलेत. वर आहेत." मग वायसरच्या फ्रॉकची गाठ बांधत, "दादाकडे लिफ्ट नाहीये, एवढं लक्षात ठेव. हिला जिने चढायची सवय नाही."

बायकोने वही मागून घेतली आणि स्वतः चाळली. "रोज परत आल्यावर तुम्ही हिला काय विचारता?"

"काय विचारणार. जेवलीस का. लागलं का कुठे."

"हे लिहिलंय इथे. एकोणीस वेळा." तिने वही मिटली. "तुमच्या हातात पोर असली की तुम्ही ठीक असता. पोचवायचं म्हटलं की बोंब. आता बघा, मुद्दा पोचवण्याचा आहे. पाळणाघर आहे, फाटक आहे, नऊ वाजता बंद होतं. तुम्ही ते जन्मात गाठणार नाही. मला कुणीतरी असा माणूस पाहिजे, ज्याला नऊ म्हणजे नऊ कळतं."

तिने इकडेतिकडे पाहिलं. असा माणूस खोलीत एकच होता, आणि तो टेबलावरच्या एका चिठोऱ्यावर वेळ लिहीत होता.

"मी?" लेखक म्हणाले.

"खाली उतरावं लागेल."

"ते... मी बरेच दिवस उतरलेलो नाही."

"बावीस वर्षं," पाचमिनिटेने मदत केली.

"तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली. मग लेखकांना, "हे बघा, जमत नसेल तर स्पष्ट सांगा. मी हिला दुपारच्या बसने नेते. माझा राग नाही तुमच्यावर."

लेखकांनी वायसरकडे पाहिलं. ती खुर्चीवर बसली होती आणि त्यांनी उठवलं नव्हतं. त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावरची चिकटपट्टी नखाने उगाच खरवडली. "आठ चाळीसला निघालो," ते म्हणाले, "तर दहा मिनिटं हातात राहतील."

"आठ पस्तीसला निघा."

"आठ पस्तीस."

घड्याळात आठ पंचवीस झाले होते. लेखकांनी बूट शोधले. एक मिळाला, दुसरा कपाटामागे होता. पाचमिनिटे धावत वर गेला, ब्रेक जोडला, आणि खरं सांगतो, सात मिनिटांत लिफ्ट आठव्या मजल्यावर आणून लादीशी अगदी बरोबर उभी केली. वायसरने लेखकांचा हात धरला आणि तळमजल्याचं बटण दाबलं.

बायको गच्चीवर जाऊन कठड्याशी उभी राहिली. नवरा दोन पावलं मागे. खाली गर्दी फाटकापर्यंत पसरली होती. सगळ्यांच्या नजरा आठव्या मजल्याच्या खिडकीवर. त्या गर्दीतून एक टक्कल असलेले आजोबा, पायांत एक काळा आणि एक तपकिरी बूट, आणि एक मुलगी वाट काढत निघाले.

"ओ आजोबा, बाजूला व्हा जरा," एक छायाचित्रकार ओरडला. "खिडकी झाकताय."

आजोबा बाजूला झाले.

चष्मेवाल्या बाईंनी त्यांना अडवलं. त्यांच्या हातात लोकांची मतं गोळा करायची वही होती. "तुमचं काय म्हणणं आहे? त्या लेखकाने आता तरी बोलावं की नाही?"

आजोबांनी विचार केला. "आम्हाला नऊला पोचायचंय," ते म्हणाले.

"हं. तुमच्यासारख्यांमुळेच त्याचं फावतं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

दोघं कोपऱ्यावर वळली. बायको गच्चीवरून हातातल्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. नऊला दोन मिनिटं कमी असताना पाळणाघरच्या बाईंचा फोन आला. "एक गृहस्थ आलेत. वेळेवर, म्हणजे नाही म्हणता येत नाही. नातं काय लिहू?"

"शेजारी लिहा," बायको म्हणाली.

"आणि काम काय करतात?"

"सध्या पोचवतात."

तिने फोन ठेवला, खोलीत जाऊन आपली बॅग उचलली, आणि शेजारी भरून ठेवलेली वायसरची छोटी पिशवी उघडून त्यातले फ्रॉक एकेक करून परत खुंटीवर अडकवले.